रिपोर्टवर 'एससीएन१ए' लिहून आलंय, त्याचा अर्थ काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १४ महिन्यांचा. सहाव्या महिन्यात तापात पहिली फिट आली, फक्त उजव्या अंगाची, आणि ती अर्ध्या तासाहून जास्त चालली. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस दिली, आठवड्याभराने ताप आला आणि दुसरी फिट आली, या वेळी डाव्या अंगाची. एमआरआय नॉर्मल, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल. कार्बामाझेपिन हे फिटचं औषध सुरू झालं, तर फिट कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या आणि आता बिनतापाच्याही येतात. मग जनुकीय तपासणी झाली. रिपोर्टवर एससीएन१ए हे नाव, पुढे 'सी.६६४ सी>टी, पी.आर्ग२२२टर' आणि शेवटी 'पॅथोजेनिक', म्हणजे आजार घडवणारा बदल. आई-वडिलांच्या रक्तात हा बदल नाही. त्यांचं विचारणं असं की हे आलं कुठून, लसीमुळे झालं का, डॉक्टरांनी औषध एकदम का बदललं, पुढच्या बाळाचं काय, आणि मोठ्या मुलीचीही तपासणी करायची का.

लहान मुलांच्या फिट्स बघणं हेच माझं काम आहे, त्यामुळे असे रिपोर्ट हातात येत असतात. एक गोष्ट आधीच सांगतो. यात जनुकाच्या नावापेक्षा त्या नावापुढची ओळ महत्त्वाची आहे. बहुतेक घरांत नाव इंटरनेटवर शोधलं जातं आणि ती ओळ वाचायची राहून जाते.

एससीएन१ए हे जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. आपल्या प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्यावरून चेतापेशी एक प्रथिन बनवते, २,००९ अमिनो आम्लांच्या दुव्यांची लांबलचक साखळी. ही साखळी पेशीच्या आवरणात २४ वेळा आत-बाहेर करत स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि मधोमध सोडियमच्या आयनांना (विद्युतभारित कणांना) आत यायला एक अरुंद वाट उरते. याला सोडियम चॅनेल म्हणतात. पेशीचा विद्युतदाब बदलला की चॅनेल उघडतं, सोडियम आत घुसतो आणि मिलिसेकंदभरात ते पुन्हा बंद होतं. चेतापेशीचा संदेश पुढे जातो तो याच उघडझापीवर. दाब बदलल्याचं ओळखण्याचं काम साखळीतल्या ठरावीक तुकड्यांकडे असतं. त्यांत धनभारित अमिनो आम्लं, विशेषतः आर्जिनीन, ठरावीक अंतराने बसवलेली असतात.

आता तुमच्या मुलाची ओळ वाचू. सी.६६४ सी>टी म्हणजे जनुकाच्या मजकुरात ६६४ व्या जागी सी हे अक्षर हवं होतं, तिथे टी आलं. हा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो. इथे सीजीए हा गट होता, तो टीजीए झाला. सीजीए म्हणजे 'आर्जिनीन लावा' आणि टीजीए म्हणजे 'थांबा'. 'टर' म्हणतात ते हेच. म्हणजे २,००९ पैकी २२१ दुवे जोडून झाले की साखळी बनणं थांबतं. खरं तर तेवढी अर्धवट साखळीही फारशी तयार होत नाही. मध्येच 'थांबा' असलेला संदेश पेशी ओळखते आणि नष्ट करते. परिणाम एवढाच की मुलाच्या दोन प्रतींपैकी एक निकामी आणि दुसरी पूर्ण ठणठणीत. चॅनेल बिघडलेलं नाही, ते निम्मं आहे.

इथे पालकच काय, मेडिकलची मुलंही अडखळतात. संदेश पुढे नेणारं चॅनेल कमी झालं तर मेंदू थंडावायला हवा, फिट कशी येईल? बराच काळ तज्ज्ञांनाही याचं उत्तर नव्हतं. २००६ साली सिएटलमध्ये विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेत या जनुकाची एकच प्रत असलेले उंदीर अभ्यासले गेले. त्या उंदरांच्या मेंदूतल्या उत्तेजक, म्हणजे शेजारच्या पेशींना चेतवणाऱ्या, पेशींमधला सोडियमचा प्रवाह जवळपास जसाच्या तसा होता. तो घटला होता दुसऱ्याच पेशींमध्ये, ज्यांचं काम शेजारच्या पेशींना आवरणं हे आहे. या आवरणाऱ्या पेशी म्हणजे मेंदूचे ब्रेक. त्यांना सेकंदाला शेकडो वेळा संदेश सोडावा लागतो आणि त्यासाठी त्या मुख्यतः याच चॅनेलवर अवलंबून असतात. चॅनेल निम्मं झालं की आधी ब्रेक कमजोर होतात. पुढच्याच वर्षी जपानमधल्या गटानेही हेच दाखवलं. नंतर त्यांनी आणखी एक मजेशीर प्रयोग केला. फक्त आवरणाऱ्या पेशींतून जनुक काढलं तर उंदरांची अवस्था वाईट झाली, आणि त्याबरोबर उत्तेजक पेशींतूनही काढलं तर उलट थोडी सुधारली.

कार्बामाझेपिनने फिट का वाढल्या, याचं उत्तर यातच आहे. ते औषध सोडियम चॅनेल अडवूनच काम करतं. एका अंगाची फिट असलेल्या मुलाला ते देणं ही पाठ्यपुस्तकातली पद्धत आहे, त्यामुळे आधीच्या डॉक्टरांवर रागावू नका. त्या दिवशी हा रिपोर्ट कोणाच्याच हातात नव्हता. पण ज्या पेशींत चॅनेल आधीच निम्मं आहे, तिथे उरलेलंही अडवलं गेलं. ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, लॅकोसामाइड ही त्याच जातीची औषधं. लॅमोट्रिजिनने या मुलांच्या फिट वाढतात हे जनुक सापडायच्या आधीच, १९९८ मध्ये लक्षात आलं होतं. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात असंही दिसलं की सुरुवातीच्या वर्षांत ही औषधं जास्त काळ चालू राहिलेल्या मुलांची बौद्धिक वाढ नंतर कमी पडली. तेव्हा औषध बदललं ते योग्यच झालं. मात्र जुनं औषध घरच्या घरी एका झटक्यात बंद करायचं नसतं. ते कसं उतरवायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता तीच ओळ किती महत्त्वाची असते ते बघा. तुमच्या मुलाचा बदल २२२ व्या जागी आहे. तिथून चारच दुवे पुढे, २२६ व्या जागी, थ्रिओनिनच्या ऐवजी मेथिओनिन आलेली मुलंही जगात आढळली आहेत. त्यांच्यात साखळी तुटत नाही, पूर्ण बनते, पण चॅनेल नको तेव्हा उघडतं. त्या बाळांना पहिल्या तीन महिन्यांतच फिट सुरू होतात, हातपाय वेडेवाकडे हलत राहतात आणि आजार तुमच्या मुलापेक्षा कितीतरी तीव्र असतो. काम वाढवणाऱ्या अशा बदलांच्या गटात काही मुलांना चक्क सोडियम चॅनेल अडवणारी औषधंच उपयोगी पडतात. आणखी काही बदलांनी फिटचा आजार होत नाही, तर अर्धांग तात्पुरतं लुळं पडणारी आनुवंशिक अर्धशिशी होते. ते २००५ मध्ये कळलं. म्हणून 'एससीएन१ए आहे ना, मग अमुक औषध नको' असं घोकूनही चालत नाही. काम कमी झालंय की वाढलंय, हे आधी ठरवावं लागतं. तुमच्या बाबतीत ते सरळ आहे: 'थांबा' आल्यामुळे काम निम्मं झालं.

या चित्राला ड्राव्हे सिंड्रोम म्हणतात. शार्लट ड्राव्हे या फ्रेंच डॉक्टरांनी १९७८ मध्ये याचं वर्णन केलं. जनुक सापडायला २००१ उजाडलं. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या गटाने अशी सात मुलं तपासली आणि सातही जणांत याच जनुकात नवा बदल निघाला. त्याच्या आदल्या वर्षी, तापाच्या साध्या फिट्स पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या दोन कुटुंबांतही हेच जनुक सापडलं होतं. तिथे अक्षरबदल सौम्य होते आणि आजारही सौम्य. म्हणजे एकाच जनुकाच्या एका टोकाला शाळा-कॉलेज करणारा माणूस आहे आणि दुसऱ्या टोकाला ड्राव्हे. तुमच्या मुलाचा इतिहास, म्हणजे पहिल्या वर्षात सुरुवात, लांबलेली फिट, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे, तपासण्या नॉर्मल, हा ड्राव्हेच्या वर्णनात अगदी चपखल बसतो. रिपोर्ट नसता तरी मला हाच संशय आला असता. सुरुवातीचा एमआरआय आणि ईईजी नॉर्मल असणं ही या आजाराची नेहमीची रीत आहे. त्यावरून 'काही नाही, साधी तापाची फिट आहे' असा दिलासा घेता येत नाही.

पाच-सहा महिन्यांपर्यंत बाळ छान का होतं? गर्भात आणि जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात मेंदू हेच काम जास्त करून एका भावंड जनुकाच्या चॅनेलवर भागवतो. पुढच्या महिन्यांत ते मागे पडतं आणि एससीएन१एचं चॅनेल काम हाती घेतं. तेव्हा उणीव उघडी पडते.

नेमकं याच काळात बाळाचं लसीकरण चालू असतं, आणि त्यातून लसीचा प्रश्न येतो. लसीमुळे ताप आला आणि तापामुळे फिट आली, एवढं खरं. लसीमुळे आजार झाला, हे खरं नाही. ब्रिटनमध्ये १९७४ नंतर डांग्या खोकल्याच्या लसीने मेंदूला इजा होते अशी भीती पसरली आणि लस घेणाऱ्या बाळांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३० टक्क्यांवर आलं. मग डांग्या खोकल्याच्या साथी आल्या. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सॅम्युअल बर्कोविक यांच्या गटाने, लसीने मेंदूला इजा झाली असं मानलेले १४ जण पुन्हा तपासले. त्यातल्या ११ जणांत एससीएन१एचा बदल निघाला. लस दिली नसती तर पुढच्या सर्दी-तापाने हीच फिट आणली असती. पुढच्या लसी चुकवू नका. या मुलाला गोवर होणं लसीच्या तापापेक्षा कितीतरी महाग पडेल. फक्त लस द्यायच्या आधी डॉक्टरांशी बोला. तापाचं औषध कधीपासून द्यायचं, क्लोबाझाम या फिटच्या औषधाचा डोस दोन-तीन दिवस वाढवायचा का, हे ठरवून मगच जा. गोवर-रुबेलाचा ताप त्याच दिवशी येत नाही, साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसात येतो, हेही ध्यानात ठेवा. बरीच घरं दुसऱ्या दिवशी निर्धास्त होतात.

'आमच्या घराण्यात कोणाला नाही' असं सासूबाई म्हणाल्या, असं तुम्ही लिहिलंय. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि तरीही आजार जनुकीय आहे. ड्राव्हेच्या दहातल्या नऊ मुलांत बदल नव्यानेच झालेला असतो. बीजपेशी (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) तयार होताना मजकुराची नक्कल होते आणि एखादं अक्षर चुकतं. प्रत्येक माणसात असे काही डझन नवे बदल असतात, बहुतेक निरुपद्रवी जागी पडतात. याचा गरोदरपणातल्या खाण्याशी, ग्रहणाशी, नवरा-बायकोच्या नात्यागोत्याशी काहीही संबंध नाही. कोणाचा दोष शोधत बसू नका, आणि घरात कोणी शोधत असेल तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

औषधांबद्दल. सुरुवात बहुधा व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझामने होते, दोन्ही आपल्याकडे सहज मिळतात. दोन वर्षांखालच्या बाळाला व्हॅल्प्रोएट देताना लिव्हर आणि प्लेटलेट्सवर लक्ष ठेवावं लागतं, त्या तपासण्या टाळू नका. एवढ्याने भागलं नाही तर पुढची औषधं आहेत. स्टिरिपेन्टॉलची फ्रान्समधली चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली: औषध घेणाऱ्या २१ मुलांपैकी १५ जणांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या, खोटं औषध घेणाऱ्या २० जणांपैकी फक्त एकाच्या. ते क्लोबाझामची रक्तातली पातळी वाढवतं, म्हणून मूल पेंगतं आणि क्लोबाझाम कमी करावं लागतं. फेनफ्लुरामिनची गोष्ट गमतीची आहे. वजन उतरवायचं हे औषध, हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून १९९७ मध्ये बाजारातून काढून घेतलं गेलं. बेल्जियमच्या डॉक्टरांनी ते कमी डोसमध्ये या मुलांसाठी चालू ठेवलं आणि २०२० मध्ये अमेरिकेत ते ड्राव्हेसाठीच मंजूर झालं. ते चालू असेपर्यंत ठरावीक काळाने हृदयाची इको करावी लागते. भांगेच्या झाडातल्या शुद्ध कॅनाबिडिऑलचीही नीट चाचणी झाली आहे: १२० रुग्णांत, औषध घेणाऱ्यांच्या मोठ्या फिटचा महिन्याचा मध्यक (मधल्या रुग्णाचा आकडा) १२.४ वरून ५.९ वर आला. पण ऑनलाइन विकली जाणारी भांगेची तेलं म्हणजे ते औषध नव्हे. बाटलीत नेमकं किती काय आहे याचा भरवसा नसतो. कीटोजेनिक आहारही बऱ्याच मुलांना उपयोगी पडतो, मात्र तो आहारतज्ज्ञाच्या हाताखालीच करायचा. पोळी-भात सोडून तूप वाढवलं म्हणजे कीटोजेनिक झाला, असं नाही.

सगळ्या फिट बंद होतील असं वचन मी कोणालाच देत नाही. लांबलेली फिट टाळणं हे पहिलं उद्दिष्ट. म्हणून घरात, पाळणाघरात, गावी जाताना पिशवीत मिडाझोलाम या फिट थांबवणाऱ्या औषधाचा नाकातला स्प्रे हवा. वजनाप्रमाणे किती पफ, कोणत्या नाकपुडीत, कितव्या मिनिटाला, हे लिहून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, करून दाखवा. फिट आली की मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, स्प्रे द्या. चप्पल, कांदा, तोंडात चमचा, पाणी, यातलं काहीही नको. आणि पिशवीत एक पत्र असू द्या. कॅज्युअल्टीत मिडाझोलामने फिट थांबली नाही तर पुढचं इंजेक्शन बहुतेक ठिकाणी फेनिटॉइनचं असतं, आणि रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या डॉक्टरांना तुमच्या मुलाचा रिपोर्ट माहीत नसतो. पत्रात ठळक लिहिलेलं असावं: ड्राव्हे सिंड्रोम, फेनिटॉइन आणि फॉस्फेनिटॉइन टाळावं, त्याऐवजी व्हॅल्प्रोएट किंवा लेव्हेटिरासिटाम वापरावं. खाली तुमच्या डॉक्टरांची सही आणि फोन नंबर.

उष्णतेबद्दल आपल्याकडे खास सांगावं लागतं. आपल्या घरात बाळाला तेल लावून कडक पाण्याने न्हाऊ घालायचं, मग धुरी, मग दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवायचं, ही पद्धत आहे. या मुलांना त्यातूनच फिट येऊ शकते; तापच असायला हवा असं नाही, शरीराचं तापमान वाढणं पुरेसं असतं. मालिश खुशाल करा. पाणी कोमट ठेवा, धुरी-शेगडी बंद करा, अंगावर सैल सुती कपडे घाला, एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर नेऊ नका. कर्नाटकात डोक्यावर गरम पाणी ओतताना येणाऱ्या फिटचा एक वेगळा आजार प्रसिद्ध आहे, त्याच्याशी याची गल्लत करू नका.

पुढच्या वाटेबद्दल स्पष्ट बोलतो. दुसऱ्या वर्षापासून बोलणं आणि समज यांचा वेग बहुतेक मुलांत मंदावतो, पुढे चालण्यातही फरक पडतो. किती, हे आज कोणी सांगू शकत नाही. दोन मुलांत तोच 'थांबा' असूनही फरक दिसतो. त्यामुळे मागे पडण्याची वाट न बघता स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी आताच सुरू करा. आणखी एक, जे बोलायला सगळे कचरतात: या आजाराची १० ते २० टक्के मुलं मोठी होण्याआधी दगावतात, त्यातली बरीच झोपेत, अचानक. रात्री मुलाला एकटं झोपवू नका, औषधाचा डोस चुकवू नका, पाण्याजवळ एकटं सोडू नका. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. ज्या घरांना हे आधी सांगितलेलं असतं, ती घरं काळजी अधिक नेमकी घेतात.

मुळावरच्या उपचाराबद्दल विचारलं होतं. चांगली प्रत आणून घालणं सोपं नाही. या जनुकाचा नुसता प्रथिनाचा मजकूरच सहा हजारांहून जास्त अक्षरांचा आहे, आणि त्यासाठी वापरतात त्या विषाणूत पावणेपाच हजारांच्या आसपासच मावतात. म्हणून दोन आडवाटा शोधल्या गेल्या. पहिली: निरोगी प्रतीवरचे काही संदेशही पेशी वाया घालवते, कारण त्यांत एक नको असलेला तुकडा शिरतो. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात इंजेक्शन देऊन तो तुकडा वगळायचा, म्हणजे उरलेल्या चांगल्या प्रतीकडून जास्त प्रथिन मिळतं. झोरेव्हुनर्सेन नावाच्या या औषधाची चाचणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत आली आहे. दुसरी: जनुक न घालता, आवरणाऱ्या पेशींत त्याला जास्त काम करायला लावणारं छोटं प्रथिन विषाणूमार्फत पोहोचवायचं. ती अजून सुरुवातीच्या चाचण्यांत आहे. दोन्ही वाटा 'काम निम्मं' असलेल्यांसाठी आहेत, म्हणजे तुमच्या मुलाची ओळ इथेही कामाची आहे. २२६ व्या जागेच्या त्या बाळांना यातून उलट अपायच व्हायचा. या काळात कोणी स्टेम सेलचं पॅकेज घेऊन आलं तर पैसे देऊ नका. ड्राव्हेसाठी त्याला कसलाही आधार नाही.

पुढचं बाळ. रक्तात बदल नाही म्हणजे धोका शून्य, असं समजू नका. साधारण ५ ते १० टक्के कुटुंबांत आई किंवा वडिलांच्या थोड्याच पेशींत, कधी फक्त बीजपेशींत, तो बदल असतो आणि नेहमीच्या तपासणीत निसटतो. जास्त खोलीचं सिक्वेन्सिंग (तीच जागा पुन्हा पुन्हा वाचणारी तपासणी) करून तो रक्तात शोधता येतो, पण फक्त बीजपेशींत असेल तर तेही पुरत नाही. म्हणून गर्भ राहण्याआधी जनुकीय सल्लागाराला भेटा. मुलाचा नेमका बदल माहीत असल्याने ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन तेवढाच तपासता येतो. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याने जनुकीय आजारासाठीच्या तपासणीला मुभा दिली आहे, फक्त ती नोंदणीकृत केंद्रातच करावी लागते. निर्णय काय घ्यायचा, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं.

मोठ्या मुलीची तपासणी करायची गरज नाही. ती पाच वर्षांची आहे, आजवर तापातही फिट आलेली नाही. हाच बदल तिच्यात असता तर तो इतकी वर्षं गप्प बसला नसता.